माफी कुणाच्या बापाची?

या अंकाचं संपादकीय दुसऱ्याच विषयावर होतं. लिहूनही झालं होतं. ते बाजूला टाकलं, कारण आमच्यातच भांडण लागलंय. घरातलं भांडण पोत्याखाली दडवायचं आणि चौकात जाऊन क्रांतीचं भाषण ठोकायचं, हा धंदा पुढाऱ्यांचा. आम्ही ते भांडणच इथं छापतो.

भांडण एका अर्जावरून आहे. जळगावच्या आमच्या वस्तीतली एक म्हातारी पोराच्या जजमेंटची झेरॉक्स घेऊन आली. घड्या पडून पडून कागद चार ठिकाणी फाटलेला. पोरगा सहा वर्षं आत आहे. प्रकरण गांजाचं. रिक्षात गोणी सापडली, गोणीत २३ किलो. गोणी इथून तिथं पोचवायचे त्याला दोन हजार मिळणार होते. ज्यानं गोणी भरली तो चार्जशीटमध्ये 'अज्ञात इसम' आहे. ज्याला ती मिळायची होती तो 'अज्ञात'सुद्धा नाही, त्याचा उल्लेखच नाही. ज्ञात असा एकच, आमचा पोरगा. दहा वर्षं सक्तमजुरी, एक लाख दंड, दंड भरला नाही तर अजून एक वर्ष. म्हातारीनं एवढंच विचारलं, "भाऊ, दहा म्हंजे पुरा दहाच का? बाकीना सुटी ऱ्हायनात, मना आंडोर का बरं सुटत नही?"

राज्यपालाकडे दयेचा अर्ज लिहून द्या, खाली तुमच्या संघटनेच्या सह्या द्या, असं तिचं मागणं. आम्ही अकरा जण बसलो. सात जण सही करू म्हणाले. तिघं गप्प. आणि एकानं कागद ढकलून दिला.

आधी म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर. कारण उत्तर ऐकून आमच्यातलेही निम्मे चकित झाले. जेलच्या भाषेत शिक्षेतल्या सुटीला 'माफी'च म्हणतात. कैदी काम करतो, नीट वागतो, त्याच्या खात्यावर माफीचे दिवस जमत जातात. हाफ मर्डरमध्ये दहा वर्षं लागलेला माणूस अशा माफीवर दहा पुरी व्हायच्या बऱ्याच आधी घरी येतो. गांजावाल्याच्या खात्यावर शून्य. त्यानं दहा वर्षं मान खाली घालून सुतारकाम केलं काय आणि भिंतीकडे तोंड करून बसला काय, हिशेब एकच. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला, १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. १९८९ मध्ये त्यात कलम ३२-अ घुसवलं. त्याचा मतलब असा, की या कायद्याखाली झालेली शिक्षा थांबवायची नाही, कमी करायची नाही, माफ करायची नाही. सूट फक्त कलम २७ ला, म्हणजे स्वतः नशा करणाऱ्याला. बाकी सगळे एका दावणीला. दोन हजारांचा हमाल आणि दोनशे कोटींचा कारखानदार, दोघांनाही माफी बंद. कागदावर समता म्हणतात ती हीच.

या कलमाविरुद्ध जो खटला गाजला तो आपल्याच राज्याचा. दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य. ऑक्टोबर २००० मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. अपील चालू असताना शिक्षा स्थगित करायचा कोर्टाचा अधिकार संसद असा काढून घेऊ शकत नाही, तेवढ्यापुरतं हे कलम घटनाबाह्य, असं कोर्ट म्हणालं. पॅरोलही या कलमानं बंद होत नाही, असं म्हणालं. पण सरकारनं जेलच्या नियमांनी द्यायची माफी? ती बंद ती बंदच राहिली. उरली एकच फट, घटनेची. राष्ट्रपतीला कलम ७२ आणि राज्यपालाला कलम १६१ दयेचा अधिकार देतं, आणि साधा कायदा घटनेनं दिलेल्या अधिकाराला हात लावू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टानं मारू राम खटल्यात १९८० सालीच सांगून ठेवलंय. म्हणजे म्हातारीला कायद्यानं सगळे दरवाजे लावून घेतले आणि थेट राजभवनाचा तेवढा उघडा ठेवला. जिला तालुक्याला जायचं तर एसटीच्या भाड्याची जुळवाजुळव करावी लागते, तिला मलबार हिलचा.

आता त्या दरवाजातून आजवर कोण गेलं ते बघू. हा इतिहास पोरांना कोणी शिकवत नाही.

१९५९ साली नौदलाचा कमांडर नानावटी यानं बायकोच्या मित्राला त्याच्या बेडरूममध्ये गोळ्या घातल्या. जन्मठेप झाली. तीन वर्षांतच, १९६४ साली, राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी त्याला माफ केलं. त्याच वेळी भाई प्रताप नावाच्या एका बड्या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी मिळाली. आयात परवान्याच्या भानगडीत त्याला सजा झाली होती. एका समाजाचा लाडका सुटतोय, तर दुसऱ्या समाजाचाही एक सोडा म्हणजे बोंब नको. दयेच्या अधिकाराची ही अशी वाटणी झाली. २०१३ मध्ये संजय दत्तचा दोष सुप्रीम कोर्टानं कायम केल्याबरोबर त्याला माफी द्या म्हणून एक निवृत्त सुप्रीम कोर्ट न्यायाधीशच जाहीर पत्रं लिहू लागले. माफी मिळाली नाही, पण जेलच्या नियमांची सूट मिळून फेब्रुवारी २०१६ मध्ये तो मुदतीआधी बाहेर आला. त्याच्यावर आमचा राग नाही. नियमानं मिळायचं ते मिळालं. आम्ही म्हणतो, नियम सगळ्यांना लावा.

आणि २०२२. स्वातंत्र्याची ७५ वर्षं. केंद्रानं राज्यांना लिहिलं, अमृतमहोत्सव आहे, तीन टप्प्यांत कैद्यांना विशेष माफी द्या. सोबत कोणाला द्यायची नाही त्याची यादी. त्या यादीत बलात्कारी होते, जन्मठेपवाले होते, आणि अमली पदार्थांच्या कायद्याखालचे कैदीही होते. बरं, ठीक. पण त्याच १५ ऑगस्टला गुजरातेत बिल्कीस बानोवर सामूहिक बलात्कार करणारे, तिच्या घरातल्यांचे खून करणारे अकरा जण १९९२ च्या एका जुन्या धोरणाचा आधार काढून सोडले. बाहेर पेढे आणि हार. त्यांना शिक्षा झाली होती मुंबईच्या कोर्टात, २००८ साली. म्हणूनच सुप्रीम कोर्टानं ८ जानेवारी २०२४ ला ती सुटका रद्द करताना सांगितलं, की हा अधिकार गुजरातचा नव्हताच, महाराष्ट्राचा होता. आमच्या वस्तीतला पोरगा त्या १५ ऑगस्टला आत झेंडावंदन करत होता. त्याला जिलेबी मिळाली असेल.

कोरोनाचंही आठवा. मार्च २०२० मध्ये जेलं तुंबलेली, रोग पसरणार म्हणून कैद्यांना तात्पुरतं सोडायला उच्चाधिकार समिती नेमली. महाराष्ट्राच्या समितीनं मोक्का, यूएपीए, मनी लाँडरिंगच्या रांगेत अमली पदार्थवाल्यांनाही बसवलं. यांना सोडायचं नाही. प्रकरण हायकोर्टात गेलं, सुप्रीम कोर्टात गेलं, समितीचंच बरोबर ठरलं. विषाणूला कलम कळत नाही, समितीला कळतं.

दोस्तांनो, इथपर्यंत सगळे हो म्हणतात. आता ज्यानं कागद ढकलून दिला त्याचं ऐका.

तो धुळ्याचा आहे. त्याचा धाकटा भाऊ कुत्ता गोळीवर गेला. मालेगाव-धुळ्याकडच्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. झोपेची, बेचैनीची गोळी, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळायची ती टपरीवर मिळते. पोरगं दोन-चार गिळतं आणि कुत्र्यासारखं अंगावर येतं. पहिलं आईच्या. आमचा हा मित्र म्हणतो, "माझ्या भावाला गोळी कुणी दिली? अंबानी आला नव्हता द्यायला. आपल्याच गल्लीतला, आपल्याच जातीचा, निळा झेंडा लावलेल्या घरातला पोरगा होता. तोही गरीब, त्यालाही दोन हजारच मिळत असतील. त्याला माफी द्यायची? मग माझ्या आईचं काय? बावीस प्रतिज्ञा घेताना दारूला शिवणार नाही म्हणालो आपण. आता गांजावाल्यासाठी सह्या करतो. उद्या गुत्तेवाल्यासाठी करा."

याला उत्तर नाही असं आम्हाला त्या रात्री वाटलं. आजही त्याच्यातल्या अर्ध्याला नाही. नशेनं आमच्या वस्त्या पोखरल्यात, हे पेपरात वाचून आम्ही बोलत नाही. एमडीची पुडी शाळेच्या मागं मिळते. बापाची दारू पोराला साधी वाटू लागलीय. गरिबीनं केलं म्हणून सगळं माफ, ही भाषा आम्हाला मान्य नाही. ती भाषा वरच्या आळीतल्या समाजसेवकांची. त्यांना आम्ही नेहमीच केविलवाणे हवे असतो. आमचा माणूस चुकतो तेव्हा तो चुकतोच.

पण मित्रा, तुझ्या भावाला गोळी दिली त्याला दहा वर्षं झाली का? तूच सांगितलंस, त्याला धरलाच नाही. धरतात कुणाला? जो गोणी उचलतो, जो फलाटावर बॅगेशेजारी उभा असतो. भुसावळचं जंक्शन बघ. ओडिशा-आंध्राकडचा माल याच मार्गानं येतो. कधी बॅग 'बेवारस' सापडते, कधी बॅगेला वारस सापडतो. वारस नेहमी फाटक्या चपलेचाच कसा? आणि दुसरीकडे बघ. चाकणच्या एमडी प्रकरणातला आरोपी ललित पाटील. येरवड्याचा कैदी, पण मुक्काम महिनोन्‌महिने पुण्याच्या ससून हॉस्पिटलात. तिथून २ ऑक्टोबर २०२३ ला निघून गेला. गांधीजयंती होती. त्याच आठवड्यात नाशिकजवळ शिंदे गावात कारखान्यावर धाड पडली, शेकडो कोटींचा माल निघाला, आणि तो त्याच्याच टोळीचा असल्याचं पोलिसांनी सांगितलं. खटल्याचं काय व्हायचं ते होईल. पण कलम ३२-अ अशांसाठी आहे म्हणतात ना? त्यांना ते लागतच नाही. त्यांची माफी आधीच, रोजच्या रोज, हप्त्यानं चालू असते. दयेचा अर्ज फक्त ज्याला दुसरी सोय नाही त्याला करावा लागतो.

आता जरा शिरपूरकडे चला. आग्रा रोड सोडून उत्तरेला वळलं की सातपुडा. पाडे पावरांचे, बारेलांचे. दर हंगामात पेपरात फोटो येतो : वनजमिनीवरची गांजाची शेती उद्ध्वस्त, इतके लाखांचा मुद्देमाल, मागं ओळीनं साहेब, पुढं उपटलेल्या झाडांचा ढीग. चोपड्याकडेही तेच. कपाशीत, तुरीत, मक्यात झाडं लावलेली. कुणी लावायला सांगितली, बी कुणी दिलं, उचल कुणी दिली, माल कुणाच्या गाडीत जातो, हे फोटोत नसतं. जमीन वनखात्याची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा टाकून वर्षानुवर्षं वाट बघणारा माणूस. हक्काच्या वेळी तो त्या जमिनीचा कोणी नसतो, आणि गांजा सापडला की त्याच जमिनीचा तो पक्का मालक ठरतो. सातबारा नाही, पण एफआयआर आहे.

तोलायची तऱ्हा बघा. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा किंवा फळधारणेचा शेंडा. शेंडा सोबत नसेल तर पानं आणि बिया धरायच्या नाहीत. म्हणून तर सरकारमान्य दुकानातली भांग गुन्हा नाही आणि शिवरात्रीला कुणाच्या अंगणात धाड पडत नाही. पण काट्यावर चढतं ते मुळासकट, मातीसकट, ओलं झाड. एक किलोपर्यंत अल्प मात्रा, वीस किलोच्या वर व्यापारी मात्रा, आणि वीसच्या वर गेलं की दहा वर्षांच्या खाली यायचं न्यायाधीशाच्याही हातात नाही. आमच्या पोराचे २३ किलो गोणीसकट होते की गोणीवेगळे, देठ-पानांसकट की शेंड्यांचे, हा प्रश्न खालच्या कोर्टात धडपणे विचारलाच गेला नाही. वकील मोफतचा होता. तीन किलोंवर माणसाची निदान सहा-सात वर्षं लटकलेली होती आणि काट्याकडे कुणी बघितलं नाही!

शिवाय हा कायदा उलटा चालतो. इतर गुन्ह्यांत सरकारनं सिद्ध करायचं, इथं माल हाताशी सापडला की आरोपीला माहीत होतं असंच कोर्ट धरून चालतं. माहीत नव्हतं हे त्यानं शाबीत करायचं. जामिनाला कलम ३७ : तू निर्दोष असावास असं कोर्टाला आधीच वाटलं पाहिजे, तर जामीन. झडतीआधी मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा तुझा हक्क आहे, असं सांगायचं बंधन पोलिसावर आहे. ते पंचनाम्यात नेहमी लिहिलेलं असतं, एकाच वळणाच्या मराठीत. पावरी बोलणाऱ्याला ते कुठल्या भाषेत सांगितलं, ते लिहिलेलं नसतं. २०२० पर्यंत अधिकाऱ्यापुढं दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरत होते. तोफान सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते बंद केलं. त्याआधी अशा जबाबांवर जे आत गेले, त्यांचं काय?

माफीचा खरा मुद्दा आमच्या मते इथं आहे. दया म्हणजे राजानं खूश होऊन फेकलेली मोहर नव्हे. कायदा चुकतो, मागाहून सुधारतो, आणि सुधारणा येते तेव्हा जुनी माणसं आतच राहिलेली असतात. २००१ च्या आधी मात्रांचे तीन थर नव्हते. स्वतःच्या वापरापुरतं चिमूटभर सोडलं तर बाकी बहुतेक अमली पदार्थांना कमीत कमी दहा वर्षं. २००१ ला सरकारनंच कबूल केलं की हे अति होतं, आणि थर पाडले. पण ज्यांचे खटले निकाली निघून अपिलात होते त्यांना नवा हिशेब लागू नाही, अशी तरतूद त्यातच घातली. एकाच मालाला, एकाच वजनाला, तारीख मागची म्हणून दहा वर्षं आणि पुढची म्हणून थोडकी. ही फट कोर्टाला बुजवता येत नाही, राज्यपालाला येते. राज्यपालाच्या हातात ही सत्ता घटनेनं ठेवली ती यासाठी, नानावटीसाठी नव्हे.

जगाकडे बघायचं तर बघा. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या बापजाद्यांनी नाव घेतलं, त्यांच्या मुलखातही हेच झालंय. १९८६ मध्ये अमेरिकेनं कायदा केला : काळ्या वस्तीत मिळणारं पाच ग्रॅम क्रॅक आणि गोऱ्यांच्या पार्टीतलं पाचशे ग्रॅम पावडर कोकेन, शिक्षा सारखीच. एकास शंभर! मनूलाही एवढा चोख आकडा सुचला नव्हता. २०१० मध्ये तो एकास अठरावर आणला. ओबामानं जाता जाता सतराशेवर कैद्यांच्या शिक्षा कमी केल्या, त्यांतले बहुतेक नशेच्या गुन्ह्यांतलेच. बायडेननं २०२२ ला जवळ गांजा बाळगल्याचे केंद्राच्या कायद्याखालचे गुन्हे माफ केले. आणि डिसेंबर २०२५ ला ट्रम्पनं माफ केलं कुणाला? होंडुरासचा माजी राष्ट्राध्यक्ष हर्नांडेझ याला. शेकडो टन कोकेन अमेरिकेत जायला मदत केली म्हणून त्यांच्याच कोर्टानं त्याला ४५ वर्षं दिली होती. एकच अधिकार, एकच कागद, एकाच इमारतीतली सही. त्यामुळे 'दया चांगली की वाईट' असा गुळगुळीत प्रश्न आम्हाला विचारू नका. कुणाला आणि का, ते विचारा.

आपल्याकडे तर नशेवर सरकारच पोसलं गेलं. माळव्याची अफू मुंबईला आणि तिथून चीनला गेली. त्या अफूत पैसा केलेल्या जमशेटजी जीजीभाईंना इंग्रजांनी 'सर' केलं, त्यांच्या नावाच्या हॉस्पिटलात आजही आमची माणसं मरतात आणि जगतात. शेजारच्या खंडव्यात सरकारी देखरेखीखाली गांजा पिकत होता. १८९३-९४ च्या इंग्रजांच्या कमिशननं सांगितलं, बेतानं वापरला तर गांजा फारसा बाधत नाही, बंदी नको. १९८५ पर्यंत तो परवान्याच्या दुकानात मिळे. आम्ही गांजाचे वकील नाही, ओढूही नका. पण काल जे सरकार विकत होतं त्यासाठी आज पोराची दहा वर्षं घेताना जरा तोंड तरी आंबट करा.

देशातल्या कैद्यांत पाचांत एक अनुसूचित जातीचा, लोकसंख्येत सहांत एक. आदिवासींचा वाटाही लोकसंख्येहून जास्त. चार कैद्यांतले तीन कच्चे. ऑक्टोबर २०२४ पर्यंत जेलच्या मॅन्युअलांत जातीवरून कामं वाटलेली होती, सुप्रीम कोर्टाला ती काढून टाकायला सांगावं लागलं. अशा जेलात 'माफी सगळ्यांना सारखी बंद' याचा अर्थ काय होतो तो ज्याचा त्यानं काढावा.

आमचं ठरलंय ते असं. कलम ३२-अ गेलं पाहिजे. हमाल, शेतमजूर, पहिल्यांदा सापडलेला, त्याला इतर कैद्यांसारखी माफी मिळालीच पाहिजे. कारखानेवाला, पैसे लावणारा, शाळेजवळ विकणारा, त्यांच्यासाठी आम्ही सही करणार नाही, मग तो निळ्या झेंड्याचा का असेना. आणि वर्दी घालून हप्ता खाणाऱ्याला तर पोरापेक्षा एक दिवसही कमी नको. ही रेघ ओढणं सोपं नाही हे आम्हाला कळतं. गोणी नेणाराच उद्या विकायला लागतो. म्हणून प्रत्येक अर्ज वाचून, वस्तीत विचारून, मगच सही. सरसकट छापील अर्ज नाही.

म्हातारीचा अर्ज तयार आहे. त्यात रडगाणं नाही. पोरगा निर्दोष आहे असंही लिहिलेलं नाही, कारण गोणी त्यानं उचलली होती. लिहिलंय ते वजनाचं, 'अज्ञात इसमा'चं, सहा वर्षांतल्या वागणुकीचं, आणि बाहेर आल्यावर त्याला कोण काम देणार याचं. वस्तीतल्या एका वेल्डिंगवाल्यानं लेखी दिलंय.

धुळ्याच्या मित्राची सही नाही. त्यानं अर्जाची भाषा मात्र दोन ठिकाणी दुरुस्त करून दिली, आणि एक अट घातली : पोरगा सुटला तर पहिल्या रविवारी त्यानं धुळ्याला यावं, आपल्या आईसमोर बसावं. म्हातारी हो म्हणाली. आत पोरालाही कळवलंय, उत्तर आलेलं नाही.

३१ जुलैला लळिंगला लांडोर बंगल्यावर आपण जमतोच. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याच्या कोर्टात कामासाठी आले तेव्हा तिथं उतरले होते. यंदा भाषणं कमी ठेवू. ज्यांच्या घरातलं कुणी या कायद्याखाली आत आहे त्यांनी जजमेंटची पूर्ण प्रत, पंचनाम्याची प्रत आणि जेलचं वागणुकीचं पत्र आणावं. दोन वकील मित्र सकाळी दहापासून बसतील. झेरॉक्सचे पैसे संघटना देईल.